कंपनी बुडाली, खेळ उरला

आम्ही बीड जिल्ह्यातले काही शिक्षक महिन्यातून एका रविवारी अंबाजोगाईत जमतो. वर्गात काय चालले, काय फसले, कोणता प्रयोग मुलांना आवडला, अशा गप्पा होतात. मागच्या एका बैठकीत आमच्यातल्या एका बाईंनी पिशवीतून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. शाळेचे कपाट आवरताना ती त्यांना सापडली होती. तिच्यात अपूर्णांकांचा एक खेळ होता. पडद्यावर एक आजी भाकरी थापायची आणि दारात पाहुणे येत राहायचे. कधी तीन, कधी पाच. प्रत्येकाला सारखा वाटा मिळेल अशी भाकरी मोडायची. वाटणी चुकली की एखादा पाहुणा रुसून बसायचा. वीसेक वर्षांपूर्वी चौथीतली मुले या खेळासाठी मधली सुट्टी सोडायची.

सीडीवर एक ओरखडा नव्हता. पण शाळेतल्या नव्या संगणकाला सीडी घालायची सोयच नाही. बाहेरून जोडायचे यंत्र कोणाकडून तरी मागून आणले, तर हा प्रोग्रॅम येथे चालू शकत नाही असा संदेश पडद्यावर आला. वेष्टणावरचा फोन लावून पाहिला, तो क्रमांक अस्तित्वात नव्हता. खेळ करणारी छोटी कंपनी केव्हाच बंद पडली होती.

कंपन्या निघतात आणि बंद पडतात, त्यात नवल नाही. पण शिंप्याचे दुकान बंद झाले तरी त्याने शिवलेला सदरा वापरता येतो. छापखाना बुडाला तरी पुस्तक वाचता येते. मग खेळ करणारी कंपनी बुडाली की तिचा खेळ का मरावा? की तो मरू नये अशी काही सोय करता येते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला अमेरिकेतल्या एका कंपनीचा इतिहास फार उपयोगी पडला. तिचे नाव इन्फोकॉम. १९७९ साली ती निघाली आणि १९८९ साली तिच्या कार्यालयाला कुलूप लागले. अवघी दहा वर्षे. तिचे खेळ मात्र आजही खेळता येतात, अगदी मोबाइलवरसुद्धा. असे का झाले ते समजून घेण्यासारखे आहे.

चित्र नसलेला खेळ

संगणकाचा खेळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धावणारी, उड्या मारणारी चित्रे येतात. इन्फोकॉमच्या बहुतेक खेळांत एकही चित्र नव्हते. पडद्यावर नुसता मजकूर येई. तुम्ही कोठे उभे आहात, आसपास काय आहे, हे चार ओळींत सांगितलेले असे. मग खेळणाऱ्याने की-बोर्डवर आज्ञा लिहायची: उत्तरेला जा, दार उघड, कंदील घे. संगणक ती आज्ञा समजून घेई आणि पुढे काय घडले ते सांगे. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो. येथे हुंकार देणाऱ्यालाच गोष्टीत शिरून हातपाय हलवायचे असत.

या प्रकाराचा उगम एका गुहेत आहे. विल क्राउदर हा प्रोग्रॅमर अर्पानेटवर काम करीत होता. आजच्या इंटरनेटचे हे पूर्वरूप. त्याला गुहा धुंडाळण्याचा नाद होता आणि केंटकी राज्यातल्या प्रचंड मॅमथ गुहेची त्याला चांगली माहिती होती. १९७५-७६ च्या सुमारास, पत्नीपासून वेगळा झाल्यानंतर, आपल्या मुलींसाठी त्याने गुहेत फिरण्याचा एक खेळ लिहिला. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि खेळ विद्यापीठांच्या संगणकांवर पसरला.

त्याच वर्षी तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत पोचला. तेथल्या संगणक प्रयोगशाळेतल्या टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग या चौघांनी तो सोडवला आणि यापेक्षा चांगला आपण करू असे ठरवले. त्यांनी केलेला खेळ म्हणजे 'झोर्क'. एका पांढऱ्या घराजवळ, टपालपेटीच्या शेजारी, तो सुरू होतो. घराखाली एक मोठे भूमिगत राज्य आहे. दिव्यावाचून अंधारात फार वेळ भटकले तर 'ग्रू' नावाचा, कोणीही न पाहिलेला प्राणी तुम्हाला खाऊन टाकतो. त्याचे चित्र नसल्यामुळे त्याची भीती जास्तच वाटे.

२२ जून १९७९ रोजी या प्रयोगशाळेतल्या दहा जणांनी मिळून इन्फोकॉम ही कंपनी स्थापन केली. त्यांत जे. सी. आर. लिकलायडर हे ज्येष्ठ शास्त्रज्ञही होते. माणूस आणि संगणक यांनी एकमेकांच्या सोबतीने काम कसे करावे यावरचा त्यांचा १९६० सालचा लेख प्रसिद्ध आहे. गंमत अशी की कंपनी काढताना नेमके काय विकायचे हे ठरलेलेच नव्हते. आपण एकत्र चांगले काम करतो, तर एकत्र राहावे, एवढीच इच्छा होती. हाताशी तयार असलेली वस्तू म्हणजे झोर्क. म्हणून तो विकायचे ठरले.

हत्ती आणि पिंजरा

येथेच खरी अडचण आली. झोर्क लिहिला होता पीडीपी-१० या कपाटांएवढ्या मोठ्या संगणकावर. त्याला सुमारे एक मेगाबाइट जागा लागे. आज एका फोटोला त्याहून जास्त लागते, पण तेव्हाच्या घरगुती संगणकाची स्मृती ३२ किंवा ४८ किलोबाइट असे. हत्तीला सशाच्या पिंजऱ्यात बसवण्यासारखे हे काम होते.

दुसरी अडचण याहून मोठी. तेव्हा बाजारात अनेक घरगुती संगणक होते: ॲपल टू, टीआरएस-८०, अटारी, पुढे कमोडोर ६४ आणि आयबीएम पीसी. प्रत्येकाची यंत्रभाषा किंवा रचना वेगळी. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला कळत नसे. समजा, आपल्याजवळ दहा खेळ आहेत आणि आठ प्रकारचे संगणक आहेत. प्रत्येक खेळ प्रत्येक संगणकासाठी वेगळा लिहायचा तर १० × ८ म्हणजे ८० वेळा काम करावे लागेल. छोट्या कंपनीला हे कसे परवडावे?

आपल्या आठवडी बाजाराकडे पाहू. समजा पैसा नाही आणि सगळा व्यवहार वस्तूंच्या अदलाबदलीने चालतो. मग ज्वारीचा मिरचीशी भाव वेगळा, गुळाशी वेगळा, मडक्याशी वेगळा. प्रत्येक जोडीचा भाव लक्षात ठेवावा लागेल. रुपया आला की हे ओझे उतरते. प्रत्येक वस्तूची किंमत एकदा रुपयांत ठरली की पुरे. रुपया खाता येत नाही, नेसता येत नाही. पण मध्ये उभा राहून तो सगळ्यांचे काम सोपे करतो.

मार्क ब्लँक आणि जोएल बेरेझ यांनी असाच एक 'रुपया' काढला. त्यांनी प्रत्यक्षात कोठेही नसलेल्या एका संगणकाची कल्पना केली. त्याला किती स्मृती असेल, त्याला कोणत्या आज्ञा कळतील, तो अक्षरे कशी साठवील, हे सगळे कागदावर ठरवले. या कल्पित संगणकाला नाव दिले झेड-मशीन. सगळे खेळ या न बनवलेल्या यंत्राच्या भाषेत तयार करायचे. मग प्रत्येक खऱ्या संगणकासाठी एक छोटा दुभाषी प्रोग्रॅम लिहायचा. तो झेड-मशीनची एकेक आज्ञा वाची आणि आपल्या संगणकाला समजेल अशी करून सांगे. आता दहा खेळ आणि आठ दुभाषी, म्हणजे १० + ८ = १८ कामे. ऐंशीच्या जागी अठरा! शिवाय नवा संगणक बाजारात आला की एकच दुभाषी लिहायचा. जुने सगळे खेळ त्या संगणकावर चालू लागत.

ही कल्पना अगदी नवी नव्हती. पास्कल या संगणकभाषेसाठी असे कल्पित यंत्र आधीच वापरात होते. पण घरगुती खेळांसाठी तिचा इतका नेटका उपयोग इन्फोकॉमने केला.

जागेची अडचणही त्यांनी हिशेबीपणाने सोडवली. एरवी एका इंग्रजी अक्षराला ८ बिट लागतात. पण २६ अक्षरे आणि काही खुणा एवढेच लागत असेल तर ५ बिट पुरतात, कारण दोनचा पाचवा घात म्हणजे ३२. तीन अक्षरांना १५ बिट झाले, म्हणजे १६ बिटांत तीन अक्षरे बसली आणि एक बिट शब्दांची ओळ संपल्याची खूण म्हणून उरला. तीन अक्षरांना २४ ऐवजी १६ बिट, म्हणजे एक तृतीयांश जागा वाचली. याशिवाय सगळी गोष्ट एकदम स्मृतीत आणायची नाही, फ्लॉपीवरून हवे तेवढेच 'पान' उचलायचे, अशी व्यवस्था केली. पुस्तक पाठ नसले तरी हवे ते पान उघडून वाचता येते, तसेच हे. एवढे करूनही झोर्कचे तीन भाग करावे लागले. पहिला १९८० च्या अखेरीस बाजारात आला, दुसरा १९८१ मध्ये आणि तिसरा १९८२ मध्ये.

वाक्यपृथक्करणाचा तास

इन्फोकॉमचे दुसरे बळ म्हणजे आज्ञा समजून घेण्याची हातोटी. आधीच्या खेळांना दोनच शब्द कळत: क्रियापद आणि नाम. झोर्कला पूर्ण वाक्ये समजत. पेटी उघड आणि तलवार सोडून सगळे त्यात ठेव, अशा धाटणीची आज्ञा इंग्रजीत लिहिली तर तो ती पाळे. यासाठी प्रोग्रॅममध्ये वाक्यपृथक्करण करणारा एक भाग होता. आपण व्याकरणाच्या तासाला करतो तेच: क्रियापद कोणते, कर्म कोणते, स्थान कोणते.

हेच मराठीत करायचे झाले तर काय होईल, यावर आमच्या बैठकीत बराच वेळ गेला. इंग्रजीत शब्दांचा क्रम आणि मधली छोटी अव्यये यांवरून नाते कळते. मराठीत 'कंदील पेटीत ठेव' म्हणा किंवा 'पेटीत कंदील ठेव' म्हणा, अर्थ एकच. कारण नाते दाखवण्याचे काम 'त' हा प्रत्यय करतो. म्हणजे संगणकाला आधी प्रत्यय सोडवावा लागेल. तोही सरळ सुटत नाही. 'घोड्यावर' मधून 'वर' काढले तर 'घोड्या' उरते, आणि 'घोड्या' म्हणजे 'घोडा' हे सामान्यरूपाचा नियम माहीत असल्याशिवाय कळत नाही. मुलांना सामान्यरूप कशासाठी शिकायचे ते सांगणे आपल्याला जड जाते. हे उदाहरण द्यावे.

क्रियापदांची तर आणखी मौज आहे. दिवा लाव, दार लाव, झाड लाव. पहिल्यात पेटवायचे आहे, दुसऱ्यात बंद करायचे आहे, तिसऱ्यात मातीत रोवायचे आहे. कर्म पाहिल्याशिवाय क्रियापदाचा अर्थ लागत नाही. आपल्या पाच वर्षांच्या मुलीला हे सहज कळते, आणि यंत्राला मात्र एकेक नियम लिहून द्यावा लागतो. भाषा किती अवघड गोष्ट आहे हे यंत्राला शिकवायला बसल्यावर नीट लक्षात येते.

भरभराटीची वर्षे

१९८२ ते १९८४ ही इन्फोकॉमची चढती वर्षे. १९८२ मध्ये मार्क ब्लँकने 'डेडलाइन' हा खुनाच्या तपासाचा खेळ केला. तपासाची सगळी माहिती फ्लॉपीवर मावेना, म्हणून जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, इतकेच नव्हे तर मृताजवळ सापडलेल्या गोळ्यांची पुडी, असे साहित्य खोक्यात घालून दिले. अडचणीतून निघालेली ही युक्ती लोकांना इतकी आवडली की पुढच्या सगळ्या खेळांबरोबर अशा वस्तू येऊ लागल्या.

१९८३ मध्ये स्टीव्ह मेरेट्झ्कीचा 'प्लॅनेटफॉल' आला. त्यात फ्लॉइड नावाचा लहान मुलासारखा बडबड्या यंत्रमानव आहे. खेळणाऱ्याला वाचवण्यासाठी तो स्वतःचा जीव देतो. पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरे. तरी तो प्रसंग वाचून रडू आल्याचे अनेकांनी सांगितले आहे. १९८४ मध्ये इंग्रज लेखक डग्लस ॲडम्स याने मेरेट्झ्कीबरोबर बसून आपल्या गाजलेल्या अंतराळकथेचा खेळ केला. त्याचा खप मोठा झाला.

कंपनीत तेव्हा लेखक आणि प्रोग्रॅमर वेगळे नव्हते. गोष्ट सुचणारा माणूसच ती यंत्राला समजावून सांगे. दुसरे सहकारी ती खेळून पाहत आणि चुका काढत.

बरोबर युक्ती, चुकीची जागा

मग बुडाली कशी? चित्रांचे खेळ आले आणि मजकुराचे मागे पडले, असे थोडक्यात सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. १९८४ पासून रंगीत चित्रांचे साहसखेळ जोरात येऊ लागले होते. पण पहिला घाव त्याने बसला नाही.

संस्थापकांपैकी काहींच्या मनात खेळ ही सुरुवातीची कमाई होती. खरी कंपनी व्हायची तर कार्यालयांत लागणारे प्रोग्रॅम विकले पाहिजेत, असे त्यांना वाटे. खेळांतून आलेला पैसा त्यांनी 'कॉर्नरस्टोन' या प्रोग्रॅममध्ये घातला. नावे, मालाच्या याद्या, हिशेब अशी माहिती साठवून तिच्यातून हवे ते शोधून देण्याचे काम तो करी. जानेवारी १९८५ मध्ये तो ४९५ डॉलर किमतीला बाजारात आला.

तो वाईट नव्हता. शिकायला सोपा म्हणून त्याचे कौतुकही झाले. पण तोही कल्पित यंत्रासाठीच लिहिला होता, कारण त्या युक्तीनेच आजवर यश दिले होते. दुभाष्यामार्फत बोलताना वेळ जास्त लागतो. गोष्टीच्या खेळात हे खपून जाते, खेळणारा विचारच करीत असतो. हजारो नोंदी चाळताना मात्र ते खुपते. आणि दुभाष्याचा फायदा काय, तर अनेक प्रकारच्या संगणकांवर चालणे. १९८५ पर्यंत कार्यालयांत आयबीएम पीसी आणि त्याच्यासारख्या संगणकांचेच राज्य झाले होते. सगळे एकच भाषा बोलत असतील तर दुभाषी कशाला? संथपणाची किंमत मोजली, बदल्यात काहीच मिळाले नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. युक्ती चुकीची नव्हती. ज्या परिस्थितीत ती बरोबर होती ती परिस्थिती बदलली होती. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी ते कोणत्या अटींवर लागू पडते हे विसरला की असेच होते.

कॉर्नरस्टोन फारसा खपला नाही. त्याच्या भरवशावर माणसे शंभराच्या वर गेली होती आणि मोठे कार्यालय घेतले होते. १९८५ च्या अखेरीपर्यंत कपात करीत करीत चाळीसच्या आसपास माणसे उरली. जून १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजन या मोठ्या खेळकंपनीने इन्फोकॉम विकत घेतली. १९८७ च्या आरंभी ॲक्टिव्हिजनचा प्रमुख बदलला आणि नव्या प्रमुखाला हा सौदा मुळातच पसंत नव्हता. वर्षाला चार-पाच खेळ करणाऱ्या मंडळींकडून आठ मागितले जाऊ लागले. खेळ वाढले, खप घसरला. मे १९८९ मध्ये केंब्रिज गावातले कार्यालय बंद झाले.

कुलूप लागल्यानंतर

कंपनीचा इतिहास येथे संपतो. खेळांचा संपत नाही.

पुढच्या काही वर्षांत ॲपल टू गेला, कमोडोर गेला, टीआरएस-८० तर लोक विसरूनही गेले. त्यांच्यासाठी थेट लिहिलेले हजारो खेळ त्यांच्याबरोबर अडगळीत गेले. इन्फोकॉमचे खेळ मात्र यांतल्या कोणत्याच यंत्रासाठी लिहिलेले नव्हते. ते अशा यंत्रासाठी लिहिले होते जे कधी बनलेच नव्हते, म्हणून मोडणारही नव्हते.

कंपनी चालू असतानाच, १९८७ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियातल्या काही हौशी मंडळींनी खेळांच्या फाइली तपासून कल्पित यंत्राची भाषा उलगडायला सुरुवात केली होती. त्याच्या आज्ञा शंभराच्या आसपास. कोडे सोडवावे तसा एकेक आज्ञेचा अर्थ लावत त्यांनी स्वतःचा दुभाषी लिहिला. पुढे इतरांनी ते काम पूर्ण केले. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गणितज्ञाने 'इन्फॉर्म' ही भाषा केली. तिच्यात कोणालाही झेड-मशीनसाठी नवी गोष्ट लिहिता येऊ लागली. १९९७ मध्ये या कल्पित यंत्राचे सविस्तर वर्णन प्रमाण स्वरूपात लिहून सर्वांसाठी खुले झाले. ते वर्णन हाती असेल तर चांगला विद्यार्थी काही आठवड्यांत नवा दुभाषी लिहू शकतो.

एक गोष्ट मात्र केवळ हुशारीने सुटणारी नव्हती. खेळ चालवता येत असले तरी त्यांचे हक्क विकत घेणाऱ्या कंपनीकडेच होते. मूळ लिखाण, म्हणजे लेखकांनी लिहिलेली मूळ आज्ञावली, लोकांसमोर नव्हती. २०१९ मध्ये संगणकाचा इतिहास जपणाऱ्या जेसन स्कॉट यांनी ती इंटरनेटवर ठेवली. दरम्यान हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जात २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये झोर्कच्या तिन्ही भागांची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, वापरावी अशी रीतसर परवानगी मायक्रोसॉफ्टने दिली. कार्यालय बंद झाल्यापासून छत्तीस वर्षे गेली होती.

आपल्याकडे

आपल्याकडेही असे खेळ करणारी मंडळी आहेत. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. बटणांच्या मोबाइलवर चालणारे खेळ हे तिचे मोठे काम. पुढे ती यूटीव्हीकडे आणि नंतर डिस्नेकडे गेली. त्या काळच्या अनेक मोबाइलवर खेळ चालत ते जावा या पद्धतीने, आणि जावाच्या मुळाशीही कल्पित यंत्राचीच कल्पना आहे. पण पडद्यांचे आकार आणि बटणांच्या जागा फोनागणिक वेगळ्या असत, त्यामुळे एकच खेळ अनेक फोनांसाठी पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावा लागे. ते फोन गेले, आणि त्यांवरचे खेळ पाहायला मिळणे आता कठीण आहे.

पुण्यात नॉडिंग हेड्स या छोट्या गटाने 'राजी' हा खेळ केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न ठरवलेल्या रकमेपर्यंत पोचला नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या जागतिक पुरस्कारांत पहिल्या कलाकृतीच्या गटात त्याला नामांकन मिळाले. अशा गटांची वाट नेहमीच अरुंद असते. म्हणून त्यांच्या कामाची नोंद आणि मूळ प्रत कोठे राहील याचा विचार काम चालू असतानाच व्हायला हवा.

वर्गात करून पाहा

झेड-मशीन समजावून द्यायला संगणक लागत नाही. आम्ही सातवीच्या वर्गात केलेला खेळ असा.

पाच ठिकाणांचा नकाशा काढा: शाळेचे पटांगण, देवळाचा पार, विहीर, पडकी गढी आणि गढीखालचे भुयार. कोणत्या दिशेने कोठे जाता येते ते एका तक्त्यात लिहा. कंदील पारावर आहे, किल्ली विहिरीच्या काठावर. भुयाराला कुलूप आहे आणि आत अंधार आहे. हा 'कथेचा कागद'. दुसऱ्या कागदावर नियम लिहा. 'जा' म्हटले की तक्त्यात दिशा पाहा आणि जागा बदला. 'घे' म्हटले की वस्तू त्याच जागी आहे का पाहा, असेल तर खेळणाऱ्याच्या नावावर लिहा. कंदील जवळ नसेल तर भुयारात काही दिसत नाही असे सांगा. हा 'यंत्राचा कागद'. एक मुलगी दुभाषी होते, दोन्ही कागद पाहून उत्तरे देते. कागदात नाही ते बोलायचे नाही, ही एकच अट. बाकीचे आज्ञा देतात.

मग तेच दोन कागद दुसऱ्या गटाला द्या. दुभाषी बदलला, तरी त्याच आज्ञांना तीच उत्तरे आली पाहिजेत. आली नाहीत तर कोणता नियम लिहायचा राहिला ते मुले शोधून काढतात. आमच्या वर्गात 'कंदील ठेव' म्हटल्यावर तो कोठे जातो हे लिहायचे राहिले होते. एका गटात कंदील नाहीसा झाला, दुसऱ्या गटात तो पारावर परत गेला! नेमके लिहिणे म्हणजे काय, हे एरवी आम्हाला सांगून पटवता आले नसते.

आणखी एक प्रश्न मुलांना द्यावा. इंग्रजीला ५ बिट पुरले. मराठीचे स्वर, व्यंजने, काना-मात्रा आणि इतर चिन्हे मोजा. किती बिट लागतील?

त्या सीडीचे काय झाले

ती सीडी आमच्याकडून चालली नाही. कंपनीही सापडली नाही. मग त्या बाई आणि आम्ही तिघे एका दुपारी बसलो. खेळ कसा होता ते आठवून त्याचे नियम आमच्या शब्दांत लिहून काढले. पाहुणे किती यावेत, वाटणी चुकली तर काय, आजी काय विचारते. पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापल्या. आता तो चार शाळांत खेळला जातो. चित्रे आमची आहेत आणि मूळच्याइतकी देखणी नाहीत. रुसणाऱ्या पाहुण्याचे काम मुलेच करतात, आणि ते मूळच्यापेक्षा बरे करतात. नियमांच्या कागदाखाली आम्ही एवढेच लिहिले आहे: कोणीही उतरवून घ्यावे, सुधारावे.

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. चारशे वर्षांपूर्वी त्यांनी जवळपास चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहिले. बैठकीला येणाऱ्या नव्या शिक्षकांना आम्ही ती आवर्जून पाहायला नेतो. कापड जपणाऱ्यांनी ते जपले, याबद्दल त्यांचे उपकार आहेतच. पण त्यावरच्या ओव्या कापडाला बांधलेल्या नाहीत. त्या कागदावर उतरवता येतात, छापता येतात, पाठ म्हणता येतात.

आपण वर्गासाठी वर्षानुवर्षे काही ना काही करत असतो: तक्ते, खेळ, प्रश्नसंच, अलीकडे मोबाइलवरची साधने. निवृत्त होताना त्यांतले किती मागे राहते? पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपले एक साधन नियमांसह, कोणत्याही यंत्रावाचून वापरता येईल असे लिहून आणायचे आहे. वाचकांपैकी कोणी असे लिहून काढले तर शेजारच्या शाळेला त्याची एक प्रत जरूर द्यावी.